घोड्याच्या घरातलं प्यादं

कुंभकोणम,
सोमवार, १३ जानेवारी २०२५, भोगी

तीर्थरूप सौ. अक्कास,

नरसूचा नमस्कार. भावोजींना माझा आणि पंकजाचा नमस्कार सांग. आम्ही सगळे बरे आहोत. तुम्हीही बरे असाल असं धरून चालतो, कारण गेल्या रविवारी तू फोनवर तसं म्हणालीस. फोनवर आपण दोघं पाऊस आणि गुडघे यापुढे कधी गेलो आहोत? पुढचं बोलायचं तर मला कागद लागतो. अडतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून दुसऱ्यांच्या पाकिटांवर शिक्के मारले, त्याचा परिणाम असेल. अक्षर लागलं नाही तर हसू नकोस. देवनागरी मला तूच शिकवलीस, तेव्हा निम्मा दोष तुझा. आणि माझी मराठी जुनाट वाटली तर तीही सोसून घे. तुझी पुण्याला जाऊन नवी झाली, माझी इथंच राहिली.

आता बातमी. तुला विद्यानं कालच कळवली असणार, पण माझ्या हातून लिहायची हौस आहे. माझी नात, आपली श्रीविद्या, बुद्धिबळात जिल्ह्यात पहिली आली. पंधरा वर्षांखालच्या मुलींमध्ये पहिली. फेब्रुवारीत त्रिचीला राज्याच्या स्पर्धेला जायचं आहे. तिचा बाप बाला चेन्नईहून फोनवर तीनदा रडला. पंकजानं देवापुढे गूळ ठेवला आणि मग तोच गूळ उद्याच्या पोंगलला कमी पडेल म्हणून मला दुकानात पिटाळलं.

स्पर्धा साक्कोट्टैच्या वाटेवर एका कल्याण मंडपात, लग्नाच्या हॉलात होती. आदल्या दिवशीच्या भजनाचे केळीचे खांब अजून दाराला बांधलेले. शेवटच्या डावाला विद्याच्या वाट्याला काळी मोहरी आली आणि समोर तंजावरची मुलगी. तिच्याबरोबर शिकवणारे एक सर होते, एक मोठी पिशवी होती आणि डब्यात सोललेली डाळिंबं. आमच्याबरोबर मी.

त्या मुलीनं पहिलीच चाल उंटाच्या पुढचं प्यादं दोन घरं सारून केली. मधली प्यादी जागची हललीच नाहीत. मग दुसऱ्या बाजूचं घोड्यापुढचं प्यादं एक घर वर, आणि त्याच्या मागं उंट कोपऱ्यात दबा धरून. अप्पा असल्या सुरुवातीला काय म्हणायचे आठवतं? मागच्या दारानं येणारा पाहुणा. समोरून येत नाही, पण जेवणाच्या वेळेला नेमका स्वयंपाकघरात उभा असतो.

विद्या गडबडली नाही. तू तिला शिकवलं आहेस तसं तिनं केलं. समोरचा कडेनं आला की आपण मधलं घर धरायचं आणि सोडायचं नाही. तिनं मधे दोन प्यादी रोवली आणि त्यांच्या मागं एकेक मोहरा असा आणून उभा केला की पोंगलसाठी अंगण सारवतात तसं वाटलं, घाई नाही आणि एक कोपरा सुटलेला नाही. दोन तास गेले. पांढरीचा कोपऱ्यातला उंट मारला गेला. तिचा राजा उघडा पडून पटाच्या कडेला आला. पण विद्याच्या राजावरही संकट होतं. शेवटी तिचं एक प्यादं सरकत सरकत पार टोकाला गेलं आणि ती जिंकली. त्या चालीचा तपशील ती तुला सांगेलच.

अक्का, आभार मानायला हे पत्र आहे. तीन वर्षं दर रविवारी चार वाजता तू त्या पोरीला फोनच्या पडद्यावर पट मांडून शिकवतेस. एक रविवार चुकवला नाहीस. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यातसुद्धा तू डोळ्यावर पट्टी बांधून तोंडी चाली सांगितल्यास. मी तेव्हा घरात नसतो असं तुला वाटत असेल. मी घरातच असतो, बाहेर ओट्यावर बसतो. तुझा आवाज खिडकीतून येतो. आत यावंसं वाटतं, पण येत नाही.

आपल्या अप्पांचा पट तिनं माळ्यावरून काढायला लावला आहे. फडकं सोडलं तर मोहरी जशीच्या तशी. तिला मी अप्पांचे नियम सांगितले, प्यादं पहिल्यांदाही एकच घर चालणार आणि टोकाला पोचलं की ज्याच्या घरात पोचलं तोच होणार. हत्तीच्या घरात गेलं तर हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. राजाच्या नाहीतर वजिराच्या घरात गेलं तरच वजीर. बाहेरच्या खेळात वाटेल तिथं वजीर मिळतो, तो आमच्याकडे फुकट मिळत नसे. ती हसली आणि म्हणाली की हे तिला पुण्याच्या अज्जीनं आधीच सांगितलं आहे.

कणूला बहीण भावाच्या नावानं भात मांडते आणि भाऊ तिला साडी देतो, ती तुझी कणूची साडी पार्सलनं पाठवली आहे. अंबाडीच्या फुलासारखा रंग आहे, पंकजानं निवडला, न आवडल्यास तिला सांग, मला नको. बरोबर अर्धा किलो कॉफीची पूड आहे. काळजी करू नकोस, कृष्णमूर्तीच्या दुकानची नाही. त्याच्या दुकानचं नाव तू काढू देत नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून दर वर्षी मी त्याच्या दारावरून चालत दोन गल्ल्या पुढं जातो. तो गल्ल्यावरून हात करतो. मीही करतो.

त्रिचीला तू यावंस असं विद्याचं फार मनात आहे. अप्पांच्या तेराव्यानंतर तू इकडे आलीच नाहीस. एकोणीस वर्षं झाली. ये.

तुझा,
नरसू


कुंभकोणम,
बुधवार, १५ जानेवारी २०२५, कणू

अक्का,

परवाचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत मला स्वतःची लाज वाटली. आठ कागद भरून मीही त्या तंजावरच्या मुलीसारखा कडेकडेनं चाललो. मधलं घर सोडून दिलं. तू वाचताना ओळखलंच असशील की ती शेवटची चाल मी का सांगितली नाही. आज ती सांगतो.

विद्याचं प्यादं घोड्याच्या घराच्या दारात उभं होतं. एक पाऊल टाकलं की टोक. तिचा स्वतःचा राजा मात्र असा अडकलेला की पांढरीचा वजीर एका चालीत सरळ खाली उतरून मात देणार. मला प्रेक्षकांच्या दोरीच्या अलीकडून सगळं दिसत होतं, टेबल दोरीला लागूनच होतं. विद्यानं प्यादं पुढं टाकलं आणि बाजूला ठेवलेल्या मेलेल्या मोहऱ्यांकडे हात नेला. तिचा हात काळ्या वजिरावरून पुढं गेला. तिनं घोडा उचलला.

अक्का, माझ्या अंगातून पंचेचाळीस वर्षांपूर्वीची तीच कळ गेली. वजीर मिळत असताना पोरगी घोडा घेते आहे, घरचा नियम लावते आहे. तोंडातून शब्द सुटलाच असता. पण माझ्या तोंडात पान होतं. खरं सांगतो, मी ते मुद्दाम भरून ठेवलं होतं, दोन कोवळी पानं आणि वर भरपूर सुपारी. मंडपात थुंकायला मनाई आणि मी दारापासून लांब. तोंड उघडलं असतं तर माझा पांढरा सदरा आणि पंचांचा कागद दोन्ही गेले असते. डावाला बसण्याआधी पोरीनं विचारलंही की ताता, आज एवढं मोठं पान कां? मी म्हणालो, सण आला आहे.

तिनं घोडा पटावर ठेवला. त्या घरातून घोड्यानं राजाला शह दिला आणि त्याच उडीच्या टप्प्यात पांढरीचा वजीर होता. राजा हलवावाच लागला. पुढच्या चालीला घोड्यानं वजीर खाल्ला. त्या मुलीनं दोन मिनिटं पटाकडे पाहिलं आणि हात पुढं केला. विद्यानं तिथं वजीर केला असता तर शह बसला नसता आणि पुढच्या चालीला ती स्वतः मात झाली असती. वजीर म्हणजे हार होती. घोडा म्हणजेच जीत होती.

मी दोरीला धरून उभा राहिलो. डोळ्यांपुढं तो मंडप नव्हताच. सत्तेचाळीस साली जन्मल्यासारखा म्हातारा दिसत असेन, कारण एका बाईनं मला खुर्ची आणून दिली.

एकोणऐंशी साल, तंजावरच्या त्या शाळेचा हॉल, मे महिना. तू एकोणीस वर्षांची, मी सोळा. पन्नास खेळणारे आणि त्यात तू एकटी मुलगी. पहिल्याच डावात तुझं प्यादं हत्तीच्या घरात पोचलं आणि तू सवयीनं हत्ती उचलून ठेवलास. सगळा हॉल हसला. तो डाव तू जिंकलीस तरी हसणं काही थांबलं नाही. अप्पांच्या कानावर ते गेलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तुझ्याबरोबर धाडलं. म्हणाले, "अक्काकडे लक्ष ठेव. घरचे नियम बाहेर लावूं देऊं नको." मला केवढी मोठी कामगिरी मिळाल्यासारखं वाटलं होतं.

शेवटचा डाव आपल्याच गावच्या कृष्णमूर्तीशी. जो जिंकेल तो मद्रासला जाणार. त्यानंही उंटापुढच्या प्याद्यानंच सुरुवात केली होती. काळी तुझी. आणि शेवटी तुझं प्यादं घोड्याच्या घरात. तू काळा घोडा उचललास, तो पटाच्या वर हातात होता, आणि मी मागून ओरडलो, "अक्का, वजीर! घोडा नको, वजीर कर!"

तू मागं वळून माझ्याकडे पाहिलंस. मग घोडा खाली ठेवून वजीर घेतलास. पंच कॉफी प्यायला बाहेर गेले होते. कृष्णमूर्तीनं पुढची चाल केली आणि तुला मात दिली.

हे तुला माहीत आहे. मी ओरडलो हे तू जाणतेसच. पण मला एवढी वर्षं वाटत होतं की मी बरोबर सांगितलं होतं आणि तू तशीही हरलीच असतीस. रविवारी त्या दोरीपाशी कळलं. तू घरचा नियम लावतच नव्हतीस. तू पाहिलं होतंस. आदल्या दिवशी लोक हसले नसते तर तू माझं ऐकलंही नसतंस, पण मी ओरडलो आणि तुला वाटलं, पुन्हा आपली तीच चूक होते आहे. तुझ्या डोक्यातला बरोबर विचार मी माझ्या आवाजानं घालवला.

आता जे तुला माहीत नाही ते. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून पाणी प्यायलो.

त्या संध्याकाळी आपण बसनं घरी आलो. तू विहिरीवर पाय धुवायला गेलीस. अप्पा ओट्यावर वाट पाहत बसले होते. त्यांनी विचारलं काय झालं, आणि मी सांगितलं की अक्कानं पुन्हा घरचा नियम लावला, घोड्याच्या घरात घोडा केला आणि हरली. तू वजीर केला होतास. मी घोडा सांगितला. ओरडल्याबद्दल मला मार बसेल एवढीच भीती होती. सोळा वर्षांच्या मुलाला अशा वेळी खोटं किती पटकन सुचतं.

अप्पा तुझ्यावर रागावले नाहीत, ते तुला आठवत असेल. त्यांनी पट फडक्यात बांधला आणि माळ्यावर टाकला. "आमच्या खेळानें पोरीचें हसें झालें," एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेचा कागद आला तेव्हा त्यांनी तो तुला दाखवला नाही. मी दारात उभा होतो. त्यानंतर वैशाखात तुझं लग्न झालं आणि तू पुण्याला गेलीस. भावोजी चांगले आहेत, तुझा संसार चांगला झाला, ते वेगळं. तो कागद तुझा होता.

तुला वाटत आलं की घोड्याची ती खोटी गोष्ट कृष्णमूर्तीनं गावभर केली आणि अप्पांच्या कानावर घातली; अप्पांनी पट बांधल्यावर खुलासा करण्यातही तुला अर्थ वाटला नाही. म्हणून तू त्याच्या दुकानची पूड घेत नाहीस. अक्का, त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. परवा मी त्याच्या दुकानात गेलो आणि विद्याच्या डावाचं सांगितलं. त्यानं गल्ला सोडून मला बाकावर बसवलं. म्हणाला, तुझ्या अक्कानं घोडा उचलला तेव्हा माझा डाव गेला होता, मला ठाऊक होतं. तू ओरडलास आणि मी वाचलो. मद्रासला गेलो, पहिल्या दिवशी हरून परत आलो, कारण तिथं जायला पाहिजे होतं ते दुसरंच कुणी होतं. एवढी वर्षं मी या माणसाच्या दारावरून तुझ्या रागाचं निमित्त करून पुढं जात होतो. तुझा राग त्याच्यावर राहिला तर माझ्यावर येणार नाही, एवढाच हिशेब.

आणि अप्पा. शेवटच्या आठवड्यात, तू पुण्याहून निघायच्या आधी, त्यांनी मला विचारलं, वत्सला रागावली नाही ना, मी तिला चुकीचा खेळ शिकवला. मी त्यांना पाणी पाजलं आणि म्हणालो, नाही अप्पा, रागावली नाही. खरं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. जिथं गप्प बसायचं तिथं मी ओरडलो आणि जिथं बोलायचं तिथं गप्प राहिलो. त्यांनी तुला चुकीचा खेळ शिकवला नव्हता. घोड्याकडे पाहायची सवय तुला त्यांनीच लावली. बाहेरच्या खेळातले सगळे वजिराकडे हात नेतात. तू नेला नाहीस, तुझ्यामुळं विद्यानंही नेला नाही.

रविवारी घरी परतताना रिक्षात मी विद्याला विचारलं की तिथं घोडा कसा सुचला. ती म्हणाली, "अज्जीनें मज तो डाव मांडून दाखवला होता. आणि सांगितलें होतें, हात घोड्यावर असला तर कोणाचें ऐकूं नको." तू कुणाचं ऐकलं होतंस, हे तिनं तुला विचारलं होतं म्हणे. आणि तू तिला सांगितलंस, होता एक, माझ्या काळजीनं ओरडला बिचारा.

अक्का, तीन वर्षं तू तो डाव माझ्या नातीला शिकवलास, माझ्याच खिडकीच्या आत, आणि माझं नाव घेतलं नाहीस. मी ओट्यावर बसून तुझा आवाज ऐकत होतो आणि आत येत नव्हतो, कारण मला वाटायचं तू एखाद्या दिवशी सांगशील. तू मला झाकत होतीस. या उपकाराला मी काय म्हणू ते मला कळत नाही. मी रिक्षातच सांगितलं, "तो मी होतो." पोरगी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "म्हणून पान?" मी होय म्हणालो. तिनं माझा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

आज कणू. सकाळी पंकजानं आणि विद्यानं गच्चीवर कावळ्यांसाठी हळदीच्या पानांवर रंगीत भाताचे घास मांडले, पिवळा, लाल, दह्याचा पांढरा. विद्याला भाऊ नाही, तिनं चेन्नईच्या चुलतभावासाठी मांडले आणि एक घास कृष्णमूर्तीच्या नावानं जास्तीचा ठेवला. कुणी सांगितलं विचारलं तर म्हणाली, कावळ्यांना काय कळतंय. तूही आज तुझ्या पुण्याच्या गच्चीवर ठेवले असशील. पंचेचाळीस वर्षं तू तिथं माझ्या नावानं भात मांडतेस, तुझ्या शेजारणी हसतात असं तूच एकदा लिहिलं होतंस. माझं घर भरलेलं राहिलं, नात पटावर बसली, मी बासष्टीत काठीशिवाय चालतो, हे सगळं त्या भाताचं आहे असं मी मानतो. मग तू काहीही म्हण.

या पत्राबरोबर पाव किलो पूड आहे. ही कृष्णमूर्तीच्या दुकानची. त्यानं स्वतः भाजून दिली आणि वर काही लिहू दिलं नाही. प्यायची की नाही ते तू ठरव, पण राग असेल तर तो त्याच्या पत्त्यावर पाठवू नकोस. माझा पत्ता पाकिटामागं आहे.

त्रिचीची तारीख बावीस फेब्रुवारी. आलीस तर मी स्टेशनवर येईन. नाही आलीस तरी येईन, विद्याला घेऊन, पुण्याला.

आजचा भात तू हे वाचण्याआधी मांडलास. पुढच्या कणूला, हे सगळं वाचून झाल्यावर, माझ्या नावाचा एक घास ठेवशील का, एवढंच विचारायला पंचेचाळीस वर्षं लागली.

तोंडात पान नसताना,
तुझा धाकटा भाऊ
नरसू